गाडीचा टप ठेंगणा करावा काय?

श्रोतेहो, आज मी तुमच्यापुढे जो प्रश्न मांडणार आहे, तो ऐकून पुष्कळांना हसू येईल. भाताच्या भावाचा, शाळेच्या पटाचा, रस्त्याचा प्रश्न सोडून हा गृहस्थ मोटारीच्या छपराविषयी काय बोलत बसला आहे, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न माझ्या ओटीवर आला आणि त्याने आम्हां चार-पाच माणसांचे दोन महिने खाल्ले. तो कसा खाल्ला तेच सांगतो.

सूर्या नदीच्या काठी मासवण गाव आहे. पालघरच्या पूर्वेला. वसई-विरारच्या नळाला सूर्येचे पाणी जाते ते याच भागातून उचलले जाते, म्हणून गावाचे नाव शहरातल्या लोकांच्याही कानांवर असते. या गावाकडचा एक तरुण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डरचे काम करतो. मी आयुष्यभर मुलांना लोखंड कापायला आणि जोडायला शिकवले; तो माझ्या हाताखालचा. हात स्थिर, डोळा नेमका, आणि डोक्यात सदा काहीतरी चाललेले. तो एके दिवशी आला, मोबाइलवर एक चित्र दाखवले आणि म्हणाला, "सर, आजोबांची फियाट अशी करायची आहे."

चित्रात अमेरिकेतली एक जुनी मोटार होती. लांबलचक, जमिनीला टेकल्यासारखी, आणि तिचा टप इतका खाली आणलेला की खिडक्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. डोळे बारीक करून पाहणाऱ्या मांजरासारखी दिसत होती ती. खोटे कशाला सांगू, सुंदर दिसत होती.

आता आजोबांची फियाट म्हणजे कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना झाला आणि १९४७ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. आरंभी अमेरिकन जातीच्या, मागाहून इटलीच्या फियाट कंपनीच्या. १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी येथे तयार होऊ लागली. तिचे इंजिन १०८९ घनसेंटीमीटरचे, चार दारे, आणि पुढची दारे आजच्या उलट बाजूने उघडणारी. तिचे पुढचे नाकाड लोकांना असे काही वाटले की साऱ्या मुंबई इलाख्यात तिला "डुक्कर फियाट" हे नाव पडले. नाव प्रेमाचेच होते. आपल्याकडे माणूस ज्याला नावे ठेवतो त्याला बहुधा सोडत नाही. पुढे याच घराण्यात प्रीमियर पद्मिनी निघाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घराघरात ठाऊक झाली. तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. तेव्हा ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

या तरुणाची गाडी १९५७ सालची. आजोबांनी ती जुनी म्हणूनच विकत घेतली, डहाणूकडच्या एका वाडीवाल्याकडून. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्यानंतर बोईसर स्टेशनावर उतरणाऱ्या माणसांची वर्दळ वाढली, आणि आजोबांनी या गाडीवर पोट भरले. दिवसा पाहुणे, संध्याकाळी टपावर गवताचे भारे, आणि रात्री कोणाचे पोट दुखू लागले, कोणा बाईला कळा सुरू झाल्या, की पालघरच्या दवाखान्याची वाट. एक पोर गाडीतच जन्मले, असे आजी सांगतात. ते पोर आता पन्नाशीचे आहे आणि त्याला गावात अजून फियाटच म्हणतात.

अशी ती गाडी. वीस वर्षे गोठ्याशेजारच्या पडवीत उभी. टपाच्या दोन्ही कडांना गवताच्या दोरखंडांनी पडलेले वळ आहेत, आणि आत, चालकाच्या डोक्यावर, छताच्या कापडाला विडीच्या धुराचा एक पिवळा डाग आहे. आजोबा जाऊन बरीच वर्षे झाली. डाग आहे.

म्हणजे पाहा, पोरगा जो टप कापायला निघाला होता, तो नुसता पत्रा नव्हता. पण हे मी त्याला पहिल्या दिवशी बोललो नाही. तरुण माणसाला आठवणींचा दाखला देऊन अडवू नये. तो आपल्यासमोर थांबतो आणि पाठ फिरली की करवत घेतो. मी म्हटले, "आपण हिशेब करू."

पहिला हिशेब हा, की टप ठेंगणा करण्याची ही टूम आली कोठून? कॅलिफोर्नियात वाळवंटी भागात काही तळी आहेत. त्यांतले पाणी आटले की मैलोगणती सपाट, कठीण जमीन उरते. १९३० नंतरच्या काळात तेथली तरुण पोरे जुन्या फोर्ड गाड्या घेऊन या जमिनीवर शर्यती लावू लागली. गाडी जितकी उंच तितका वारा तिला आडवा येणार, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. मग त्यांनी टपाचे खांब मधूनच कापले, दोन-चार इंचांचा तुकडा काढून टाकला आणि टप खाली आणून पुन्हा जोडला. गाडी वाऱ्यात शिरू लागली. त्यामागे कारण होते, आणि ते कारण घड्याळाने मोजता येत होते.

युद्ध संपल्यावर शर्यत बाजूला राहिली आणि डौल पुढे आला. लॉस एंजेलिसच्या परिसरात सॅम आणि जॉर्ज बॅरिस या दोघा भावांचे गाड्या सजवण्याचे दुकान होते. त्यांनी मर्क्युरी नावाच्या मोठ्या गाड्यांचे टप उतरवले. त्यांतली बॉब हिरोहाता नावाच्या तरुणासाठी १९५२ साली केलेली गाडी तर जगभर गाजली. माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर होती ती याच थाटाची.

आता वाऱ्याचे गणित. शिक्षक ऐकत असतील त्यांनी हे फळ्यावर जरूर मांडावे. वाऱ्याचा अडथळा गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, आणि वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. ताशी ५० किलोमीटरला जेवढा अडथळा, त्याच्या नऊपट ताशी १५०ला. म्हणून सुकलेल्या तळ्यावर धावणाऱ्याला तीन इंच टप महत्त्वाचा. मासवणहून पालघरला जाणाऱ्याला काय? आमच्या रस्त्यावर जुनी फियाट चाळीसच्या वर गेली की चालवणाऱ्यापेक्षा बसणारे जास्त घाबरतात. तेथे टप तीन इंच उंच असो की सहा, वारा त्याची दखल घेत नाही. तेव्हा वेगाचे कारण आम्ही पहिल्याच संध्याकाळी खोडून टाकले. पोरगा हसला. म्हणाला, "सर, मला कुठे शर्यत लावायची आहे? मला ती तशी दिसायला हवी आहे."

हे त्याचे प्रामाणिक बोलणे मला आवडले. दिसण्यासाठी माणूस घराला रंग देतो, बैलांची शिंगे रंगवतो, दारी चौकात रांगोळी काढतो. दिसणे हे कारण नव्हे असे मी म्हणणार नाही. मग प्रश्न एवढाच उरला की ती खरोखर तशी दिसेल काय?

त्यासाठी आम्ही एक साधी युक्ती केली. गाडी बाहेर काढून तिचा बरोबर बाजूने, लांबून, फोटो घेतला आणि पालघरच्या दुकानातून अशा मापाने छापून आणला की गाडीची लांबी कागदावर २५ सेंटीमीटर यावी. गाडी प्रत्यक्षात पावणेचार मीटरांच्या आसपास लांब. म्हणजे पंधरास एक हे प्रमाण झाले. तीन इंच म्हणजे सुमारे साडेसात सेंटीमीटर. त्याचे कागदावर पाच मिलिमीटर. खिडक्यांच्या पट्ट्यातून पाच मिलिमीटरची कागदाची चिंधी कात्रीने कापली, वरचा टप खाली सरकवून चिकटवला, आणि तो कागद भिंतीला लावून सगळे लांब जाऊन उभे राहिलो.

पोराचा चेहरा उतरला. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "ही तर टोपी डोळ्यांवर आलेल्या माणसासारखी दिसते." बरोबर होते त्याचे. ती अमेरिकन मर्क्युरी सव्वापाच मीटरांच्या आसपास लांब. तिचे अंगच म्हशीसारखे. त्यावर टप खाली आला की सारी लांबी एका रेषेत वाहते. आपली फियाट लहान, आखूड, दीड मीटर उंच. तिचे सारे रूप तिच्या गोल टपात आणि वर उचललेल्या नाकात आहे. टप कापला की उरते ते नाक! मी दुसऱ्या कागदावर दीड इंचाएवढेच कापून पाहिले. तेव्हा काही बदलले आहे हेच कोणाच्या ध्यानात येईना. तीन इंचांनी बिघडते आणि दीड इंचाने कळत नाही, असा तो प्रकार.

तरी त्याने हट्ट सोडला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. कागद हा कागद; लोखंडाची गोष्ट वेगळी, असे त्याचे म्हणणे. मग आम्ही लोखंडाकडे वळलो.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी पुठ्ठ्याचा मनोरा केला असेल. खाली रुंद, वर अरुंद. समजा, त्याची खालची बाजू ६० सेंटीमीटर, वरची ४० आणि उंची ४०. याच्या मधोमध ८ सेंटीमीटरचा पट्टा कापून टाकला आणि वरचा भाग खालच्यावर ठेवला, तर दोन्ही कडा जुळतील काय? नाही जुळणार. उंची ४० वाढताना रुंदी २० कमी होते. म्हणजे दर सेंटीमीटरला अर्धा. आठ काढले की चारांचा फरक पडतो. खालच्या भागाचे तोंड ५२, वरच्याचे ४८. दोन्ही अंगांना दोन-दोन सेंटीमीटरची पायरी राहते. गाडीचा टप हुबेहूब असाच आहे. त्याचे पुढचे खांब मागे कललेले, मागचे पुढे कललेले, आणि बाजूचे आत झुकलेले. खांब कापून टप सरळ खाली आणला तर तो कोठेच बसत नाही. मग एकतर खांब आणखी वाकवा, नाहीतर टपच मधून कापून त्यात पत्र्याची पट्टी घाला. म्हणजे ज्या टपाला नुसता खाली आणायचा होता, त्याला उभा-आडवा फाडून पुन्हा शिवायचे.

आम्ही बसून मोजणी केली. गाडीला टप धरणारे सहा खांब. प्रत्येकाचा तुकडा काढायचा तर दोन काप, बारा झाले. चार दारांच्या खिडक्यांच्या चौकटी, प्रत्येकीला दोन उभ्या दांड्या, त्यांचे सोळा. एकूण अठ्ठावीस काप आणि चौदा सांधे, टप फाडल्याचे वेगळेच. हे चौदाही सांधे एकमेकांशी सुताच्या फरकाने जुळले पाहिजेत, नाहीतर दार लागत नाही, आणि लागले तर उघडत नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या हाताला हे अशक्य नव्हते. तो म्हणाला, "मी करीन सर." मला ठाऊक होते, करील.

पण खांब कापण्यापूर्वी खाली काय आहे ते पाहायला नको काय?

आपल्याकडचे जुने कुडाचे घर आठवा. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण. तो कूड काढून टाकला तरी छप्पर पडत नाही, कारण छपराचा भार मेढींवर असतो. जुन्या मोठ्या मोटारी आणि जीप तशा असतात. खाली दोन भक्कम लोखंडी तुळया, त्यांवर इंजिन, चाके, सारे काही. वरचे अंग म्हणजे कूड. त्याला कापा, उतरवा, ताडपत्री घाला, गाडी चालते. फियाट ११०० मात्र तशी नाही. तिला वेगळ्या तुळयाच नाहीत. तिचा तळ, बाजू, खांब आणि टप मिळून पत्र्याची एकच पेटी होते आणि ती पेटीच सारा भार वाहते. बुटांचे रिकामे खोके घ्या आणि झाकणाशिवाय पिळून पाहा. ते सहज पिळवटते. आता त्याचे झाकण चहूबाजूंनी चिकटवा आणि मग पिळा. हाताला कळेल की झाकण नुसते झाकायला नसते. फियाटचा टप हे असे चिकटवलेले झाकण आहे. तो कापून वेगळा केला की खालचे खोके वाकते. म्हणून कापण्याआधी आत आडवेतिडवे पाइप जोडून ते जखडावे लागते. दारांच्या खालचे उंबरे तर लोखंडासारखे लोखंड हवेत, कारण टप नसताना सगळा जीव त्यांच्यावर येतो.

आम्ही गाडीखाली शिरलो. मी एका उंबऱ्यावर पेचकसाचे टोक दाबले. ते आत गेले, पापडात जावे तसे. वीस पावसाळे पडवीची ओल, त्याआधी तारापूरकडच्या खाऱ्या वाऱ्यातल्या फेऱ्या. वरून रंग चकचकीत, आत गंजाचा भुसा. दुसऱ्या बाजूला तर आधीच्या कोणा कारागिराने पुट्टी भरून ठेवली होती. ती हाताने निघून आली.

येथे पुट्टीविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला राहवत नाही. पत्र्याच्या खळग्यात भरायला पुट्टी चांगली. पत्र्याच्या जागी मात्र ती चालत नाही. अमेरिकेत ते लोक सांध्यांवर शिसे वितळवून भरत. मेहनतीचे काम, पण ते पत्र्याला धरून राहते. आमच्याकडे गॅरेजवाला सांधा ओबडधोबड मारतो, वर पुट्टीचा जाड थर देतो, आणि गाडी देतेवेळी ती आरशासारखी दिसते. दोन पावसाळे गेले की ओल आत शिरते, थर फुगतो, केसासारखी रेष पडते. रंगावर मोहून गाडी घेणाऱ्यांनी खिशात एक लहान चुंबक ठेवावे. पुट्टीच्या जाड थरावर ते धरत नाही. हे मी फुकट सांगतो आहे. मला हे शिकायला पैसे पडले.

काचेची अडचण वेगळी. पुढची आणि मागची काच टपाबरोबर लहान व्हायला हवी. काच दोन जातींची. एक कडक केलेली. ती फुटली की साखरेच्या दाण्यांसारखा भुगा होतो. ही काच कापताच येत नाही, कापायला गेलात की सारी जाते. दुसरी, दोन काचांमध्ये पातळ पडदा घातलेली. आजच्या गाड्यांच्या पुढच्या बाजूस असते ती. ही कापता येते, पण वक्र असेल तर कापताना तडकण्याची भीती फार. १९५७ सालच्या गाडीची पुढची काच तडकली तर दुसरी कोठे मिळणार? ज्या कारखान्यातून ती आली, तेथून गाड्या निघणे कधीच थांबले.

आता कायदा. हा भाग मी थोडक्यात सांगतो, पण लक्ष देऊन ऐका, कारण जीपला मोठी चाके लावणाऱ्यांनाही तो लागू आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे की, गाडीच्या मूळ उत्पादकाने जी घडण ठरवली आणि जी नोंदणीपुस्तकात लिहिली, तिच्याशी न जुळणारा फेरफार मालकाला करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा फेरफाराला शिक्षाही ठरली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारास ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनी पहिले बोट त्या कापलेल्या खांबावर ठेवील.

याची दुसरी बाजू अशी. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकीला "व्हिंटेज" म्हणून नोंदता येते. तिला निराळा क्रमांक मिळतो. राज्याच्या अक्षरांपुढे "व्हीए" ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. पण मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे. तिच्या सांगाड्यात, अंगात, इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा.

म्हणजे टप कापला की हे दार कायमचे बंद. तीन इंच काढून टाकता येतात, परत लावता येत नाहीत. कोणी म्हणेल, लावता येतात, वेल्डर आहे ना. लावलेला तुकडा हा लावलेलाच.

माझा कल तुम्हांला एव्हाना कळला असेल. पण मी असेही म्हणत नाही की जुनी गाडी कधी कापूच नये. एखादे नुसते कवच उकिरड्यावर पडले आहे, कागद हरवले आहेत, इंजिन कोणी भंगारात विकले आहे. ते रस्त्यावर येणारच नाही. त्यावर एखाद्या हुशार कारागिराने हात चालवला आणि जत्रेत किंवा प्रदर्शनात मांडायला काही घडवले, तर मी पहिला पाहायला जाईन. बॅरिस बंधूंनी केले ते काम कलेचेच होते. माझा आक्षेप आहे तो जिच्या चाव्या, कागद आणि माणसे अजून घरात आहेत तिला कापण्यावर.

माणसे म्हणजे मुख्यतः आजी. त्यांना या सगळ्याचा पत्ताच नव्हता! चैत्र पौर्णिमेला डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू होते. आजोबा असेतो दरवर्षी सारे घर या फियाटमधून मनोर, चारोटीवरून यात्रेला जात असे, आणि गाडी सुधारते आहे असे ऐकल्यापासून आजींनी मनात धरले होते की पुन्हा एकदा तशीच जायचे. एका संध्याकाळी आम्ही पडवीत मापे घेत होतो. पोराने पुढच्या खांबावर खडूने दोन रेषा मारल्या होत्या, तीन इंचांच्या अंतराने. आजी काठी टेकीत आल्या.

"ही कसली रे खूण?"

"येथून येथवर काढायचे आहे, आजी. टप खाली येईल."

आजींनी काही न बोलता दार उघडले. पुढचे दार, ते उलटे उघडणारे. ही दारे धोक्याची म्हणून पुढे साऱ्या जगाने टाकली, पण गुडघे धरलेल्या माणसाला त्यांतून शिरणे सोपे जाते हेही खरे. त्या पाठमोऱ्या झाल्या, बैठकीवर टेकल्या, मग एकेक पाय आत घेतला, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. टप आणि त्यांचे डोके यांत चार बोटे जागा राहिली. त्या चार बोटांकडे नातू पाहत होता आणि मी नातवाकडे.

"मग मी काय आडवी होऊन बसू काय रे?" आजी म्हणाल्या.

मी त्याला बैठक खाली घेण्याचा उपाय सांगू शकलो असतो. अमेरिकेतही तेच करीत. पण बैठक खाली घेतली की गुडघे वर येतात, आणि त्या गुडघ्यांनी उठायचे कसे? शिवाय खिडकीची फट एवढीशी झाल्यावर बाहेरचे काय दिसणार? महामार्गावर मागून येणारा ट्रक आरशात दिसला पाहिजे, पावसात पुढचे वळण दिसले पाहिजे. मी काही बोललो नाही.

त्या रात्री त्याने काय विचार केला ते मला माहीत नाही. दुसऱ्या रविवारी मी गेलो तेव्हा गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती आणि तो खालचे उंबरे कापून काढीत होता. नवा पत्रा आणला होता, चांगला जाड. टपाचे विचारले तर म्हणाला, "उंबरे झाल्याशिवाय टपाला हात लावता येत नाही, तुम्हीच म्हणालात ना." हो म्हणालो खरे. उंबऱ्यांना दीड महिना गेला. मग तळ निघाला, मग ब्रेकच्या नळ्या. पावसात काम थांबले. मधल्या काळात त्याने आजोबांचे जुने नोंदणीपुस्तक ट्रंकेतून शोधून काढले, आजोबांच्याच हातच्या कापडी पिशवीत होते ते, आणि कार्यालयात जाऊन चौकशीही करून आला. टप कापणार नाही, असे तो अजून तोंडाने म्हणालेला नाही. तरुण माणसाला तसे म्हणायला लावूही नये.

ज्यांच्या पडवीत अशी एखादी गाडी, जीप किंवा ट्रॅक्टर उभा असेल, त्यांनी निदान एवढे करावे. आधी कागद शोधा. मग पेचकस घेऊन खालचा पत्रा तपासा, वरचा नव्हे. आणि काही कापायचे मनात असेल तर पंधरास एक प्रमाणात फोटो छापून कात्री चालवून पाहा; पाच मिलिमीटर कागदाला फार पैसे पडत नाहीत. शाळेतल्या मुलांना बुटांच्या खोक्याचा आणि पुठ्ठ्याच्या मनोऱ्याचा प्रयोग करून दाखवावा, प्रमाणाचे गणित त्यांच्या लक्षात राहील.

परवा मी मासवणला गेलो होतो. इंजिन लावले होते, पहिल्या दोन वेळा खोकून तिसऱ्यांदा सुरू झाले. पुढच्या खांबावर खडूच्या त्या दोन रेषा अजून आहेत. सगळी गाडी घासली, गंज काढला, लाल अस्तराचा रंगही बहुतेक ठिकाणी दिला. तेवढीच जागा सोडली आहे. आजींनी विचारले, हे पुसायचे राहिले काय? तो म्हणाला, राहू दे आजी, पुसतो मी सावकाश.